रेघ नकाशावर, घर रस्त्यात

आत्या आमच्या दारात आल्या तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. आम्ही नुकतेच कामावरून येऊन जेवायला बसलो होतो. नात्याने त्या आमच्या कोणी नव्हेत, पण वस्तीत त्यांना लहानथोर सगळेच आत्या म्हणतात. त्यांच्या हातात चार घड्या घातलेला कागद होता.

"भाऊ, सकाळी पालिकेची माणसं दारावर हे डकवून गेली. नीट वाचून सांगा. नातू म्हणतो, घर जाणार. असं कसं जाईल?"

आम्ही हात धुऊन कागद वाचला. मंजूर विकास योजनेतील १८.३० मीटर रुंदीच्या रस्त्यात आपले बांधकाम बाधित होत आहे, तरी वास्तव्याचे पुरावे सात दिवसांत सादर करावेत, असा मजकूर होता. त्या रात्री आमच्या गल्लीतील तेवीस घरांत हाच कागद होता आणि तेवीसही घरांत कोणाला झोप लागली नाही.

आमचे शहर मुंबईला लागून आहे. त्याचे नाव आम्ही मुद्दाम लिहीत नाही, कारण हा प्रसंग कोणत्याही शहरातील कोणत्याही वस्तीचा असू शकतो. दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आम्ही चारपाच जण कार्यालयात गेलो. साहेबांनी आम्हाला बसायला सांगितले, नकाशा टेबलावर पसरला आणि आमच्या गल्लीवर बोट ठेवून म्हणाले, "ही रेघ आज काढलेली नाही. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा हरकती मागवल्या होत्या. तुमच्यापैकी एकानेही हरकत का घेतली नाही?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. घरी येऊन आम्ही मंडळाची जुनी वही काढली. हरकतींची मुदत होती ती नेमकी मार्च-एप्रिलमधली. वहीत त्या दिवसांचा हिशेब पैशापैशाने लिहिलेला होता. जयंतीची वर्गणी, मंडपाचे भाडे, ध्वनिक्षेपकाच्या परवान्याची फी, भोजनदानाचे तांदूळ, सगळे होते. नोटिशीबद्दल एक ओळ नव्हती. आम्ही बी.कॉम. झालेले, रोज आठ तास दुसऱ्यांचे कागद तपासून पगार घेणारे. आपल्याच वस्तीचा कागद आम्ही वाचला नाही. ही चूक पालिकेच्या माथी मारता येणार नाही, ती आमची आहे, आणि म्हणूनच हा लेख लिहीत आहोत.

विकास आराखडा म्हणजे शहराची पुढच्या वीस वर्षांची मांडणी. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याने ती करणे पालिकेवर बंधनकारक आहे. रस्ता कोठे रुंद होणार, शाळा, दवाखाना, मैदान, बाजार, बस आगार यांसाठी कोणती जमीन राखून ठेवायची, हे त्यात ठरते. अशा राखून ठेवण्याला आरक्षण म्हणतात. आरक्षण म्हटले की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे नोकरी आणि कॉलेजचा प्रवेश उभा राहतो. आमच्या शेजारचे एक गृहस्थ "आपल्या गल्लीवर आरक्षण पडलंय" हे ऐकून क्षणभर खूश झाले होते! या आरक्षणाचा अर्थ मात्र असा, की तुम्ही राहता ती जमीन कागदोपत्री दुसऱ्या कामासाठी ठरून गेली आहे.

हे काही एका रात्रीत होत नाही. पालिका आधी आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते. मग आज कोणत्या जमिनीवर काय आहे याचा नकाशा तयार होतो. त्यावरून प्रारूप आराखडा बनतो, त्याची नोटीस राजपत्रात व वर्तमानपत्रांत येते आणि हरकती व सूचना मागवल्या जातात. मुदत नोटिशीतच लिहिलेली असते. कोठे तीस दिवस मिळतात, कोठे साठ. हरकती ऐकायला स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार अशी समिती बसते. त्यानंतर आराखडा शासनाकडे मंजुरीला जातो. मंजूर झाला की ती रेघ कायद्याची झाली. मोजणीवाला टेप घेऊन येतो तो यानंतर पाच वर्षांनी येईल, नाहीतर पंधरा वर्षांनी. आपले लोक जागे होतात ते टेप पाहून.

हरकतीने काय होते, असे विचारणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मुंबईत काय झाले ते त्यांनी आठवावे. २०१५ च्या फेब्रुवारीत मुंबई महानगरपालिकेने २०३४ सालापर्यंतचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध केला. त्यात चुका इतक्या निघाल्या की शहरभर ओरड झाली. कोठे उभ्या इमारतीवरून रस्ता गेलेला, कोठे जागेवर असलेल्या गोष्टी नकाशात भलत्याच दाखवलेल्या. आरे वसाहतीची हिरवी जमीन बांधकामाला खुली होणार म्हणून वेगळा संताप होता. आराखडा मराठीत द्या, ही मागणीसुद्धा लोकांना करावी लागली. जमिनीची भाषा आधीच अवघड, ती इंग्रजीत आली तर कामगाराने कोणाकडे जावे? सभा झाल्या, हरकतींचे गठ्ठे गेले आणि एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो आराखडा बाजूला ठेवून चुका दुरुस्त करण्यास सांगितले. सुधारित आराखडा मे २०१६ मध्ये आला. त्यावर ऐंशी हजारांहून अधिक हरकती व सूचना आल्या, सुनावण्या झाल्या आणि २०१८ साली शासनाने तो मंजूर केला. ज्यांनी कागद दिला त्यांचे सर्वांचे काम झाले असे नाही. पण देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकेचा आराखडा माणसांच्या सह्यांनी माघारी फिरला, हे आपण पाहिले आहे.

आता जमीन घेण्याच्या व्यवहाराकडे येऊ. हिशेबाच्या माणसाला सगळ्यात जास्त खटकते ते इथेच. आरक्षणाची जमीन पालिकेने कशी मिळवायची याचे तीन मार्ग कायद्याच्या कलम १२६ मध्ये दिलेले आहेत. एक, मालकाशी बोलणी करून ठरलेली किंमत देऊन. दोन, पैशांऐवजी मालकाला चटई क्षेत्र किंवा हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे ज्याला सगळे टीडीआर म्हणतात, तो देऊन. हा कागद मालक बिल्डरला विकू शकतो. तीन, शासनाकडे अर्ज करून सक्तीचे भूसंपादन. त्याला २०१३ चा नवा भूसंपादन कायदा लागतो आणि शहरी भागात बाजारभावाइतकीच रक्कम दिलासा म्हणून वर द्यावी लागते, म्हणजे एकूण दुप्पट. शिवाय आरक्षण पडून दहा वर्षांत पालिकेने जमीन घेतलीच नाही, तर मालक तिला खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर दोन वर्षांत काही हालचाल झाली नाही तर आरक्षण उठते. मालकाची काळजी कायद्याने किती बारकाईने घेतली आहे पाहा!

आणि जो त्या जमिनीवर चाळीस वर्षे राहतो त्याचे काय? २०१३ च्या कायद्यात एक चांगली गोष्ट आहे. शहरात संपादनाआधी तीन वर्षे किंवा अधिक काळ त्या जमिनीवर राहणारे कुटुंब हेसुद्धा 'बाधित कुटुंब' धरले आहे. त्याचे नाव सातबाऱ्यावर असो वा नसो. पण पालिकेकडे रोख पैशांची चणचण, म्हणून तिचा कल टीडीआरकडे. टीडीआर देऊन जमीन घेतली की २०१३ चा कायदा बाजूला राहतो आणि राहणाऱ्याचे भवितव्य पालिकेच्या धोरणावर येते. त्यातही टीडीआर साधारणपणे जमीन मोकळी करून ताब्यात दिल्यावर मिळतो. म्हणजे वस्ती उठवण्याची घाई पालिकेच्या आधी मालकाला! व्यवहाराच्या एका बाजूला किंमत आहे, दुसऱ्या बाजूला पात्र की अपात्र एवढाच प्रश्न. आमच्या कॉमर्सच्या पुस्तकात याला काय म्हणतात ते आम्हाला आठवत नाही.

ही रीत नवी नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि १८९८ साली सरकारने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाट वस्त्यांतून हवा खेळावी म्हणून ट्रस्टने घरे विकत घेतली, पाडली आणि रुंद रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे त्याच कामातले. घरमालकांना मोबदला मिळाला. भाडेकरूंना बाहेर पडावे लागले, आणि सुरुवातीच्या वर्षांत जेवढ्या खोल्या पाडल्या तेवढ्या पुन्हा बांधल्या गेल्या नाहीत. ज्या बांधल्या त्या म्हणजे बीआयटी चाळी. परळच्या ज्या चाळीत बाबासाहेबांचे वीसहून अधिक वर्षे बिऱ्हाड होते ती बीआयटी चाळ. त्या नावातली बी, आय, टी ही तीन अक्षरे याच ट्रस्टची आहेत. सव्वाशे वर्षे उलटली तरी मालकाला मोबदला आणि भाडेकरूला रस्ता, हा हिशेब काही बदललेला नाही.

पात्र ठरले तरी घर कोठे मिळते हाही प्रश्न आहेच. मुंबईत तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंची जागा मोकळी करताना हजारो कुटुंबांना माहुलला पाठवण्यात आले. तेल शुद्धीकरणाचे आणि रसायनांचे कारखाने शेजारी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ सालीच तिथल्या हवेबद्दल धोक्याचा इशारा दिलेला होता. माणसे आजारी पडू लागली, मुलांच्या शाळा आणि बायकांची धुणीभांड्याची कामे दूर राहिली. शेवटी ती कुटुंबे विद्याविहारजवळ जलवाहिनीपाशी रस्त्यावर येऊन बसली आणि कित्येक महिने बसून राहिली. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दुसरीकडे राहता यावे म्हणून दरमहा १५,००० रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. घर मिळाले म्हणून पेढे वाटण्याआधी ते कोठे मिळाले हे पाहावे लागते.

आम्ही रस्त्याच्या विरोधात आहोत असा कोणी समज करून घेऊ नये. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतील एका म्हाताऱ्या बाबांना छातीत दुखू लागले, तेव्हा रुग्णवाहिका नाक्यावर उभी राहिली आणि चौघांनी त्यांना चादरीत घालून नेले. आगीचा बंब आत येत नाही. रस्ता आला तर त्याखालून मोठी पाण्याची लाइन येते, गटार येते, दिवे येतात. वाहतूक सुधारली पाहिजे यात वाद नाही. ती कोणाची सुधारायची, यावर बोलले पाहिजे. मुंबईचा किनारी रस्ता २०२४ च्या मार्चपासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. जवळपास साडेदहा किलोमीटरचे ते काम हजारो कोटी रुपयांचे, पण त्याच्यावर दुचाकीला परवानगी नाही. आमच्या वस्तीत मोटारगाडी कोणाकडे नाही, दुचाकी दहापंधरा घरांत, बाकीचे सगळे बसने, रेल्वेने नाहीतर पायी जातात. रुंद झालेल्या रस्त्यावर पदपथ किती फुटांचा, बसथांबा कोठे, शाळेसमोर रस्ता ओलांडायची सोय काय, हे प्रश्न हरकतीच्या कागदात लिहायचे असतात. हरकत म्हणजे नुसता नकार नव्हे. तिथे सूचनाही करता येते.

नकाशा वाचायला फार शिक्षण लागत नाही. कोपऱ्यात रंगांची सूची असते, कोणता रंग कशासाठी ते तिथे लिहिलेले असते. आधी आपल्या वस्तीचा भूमापन क्रमांक, ज्याला सीटीएस नंबर म्हणतात, तो माहीत हवा. मिळकत पत्रिकेवर तो असतो, नाहीतर नगर भूमापन कार्यालयात मिळतो. रस्त्यांचे आकडे विचित्र दिसतात, १३.४०, १८.३०, २७.४५. हे जुने फूटच आहेत, मीटरमध्ये लिहिलेले. १३.४० म्हणजे चव्वेचाळीस फूट, १८.३० म्हणजे साठ, २७.४५ म्हणजे नव्वद. धारावीतला साठ फुटी आणि नव्वद फुटी रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना लगेच अंदाज येईल. नकाशाची प्रत मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे, दहा रुपयांचा. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

दुसरी गोष्ट अर्थसंकल्पाची. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पालिकेचा अर्थसंकल्प येतो. त्यात भूसंपादन आणि रस्ते या शीर्षांखालची कामे पाहावीत. ज्या कामापुढे नावापुरते हजार रुपये ठेवलेले असतात ते यंदा होणार नाही असे समजावे. ज्या वर्षी तोच आकडा फुगतो त्या वर्षी वस्तीने सावध व्हावे. नगरसेवक सांगतील त्यापेक्षा हे पुस्तक जास्त खरे सांगते. आणि मुंबईत तर २०२२ पासून काही वर्षे विचारायला नगरसेवकही नव्हते, कारभार प्रशासकाच्या हाती होता.

असा नकाशा आम्ही वाचला, पण फार उशिरा. माहिती अधिकारात प्रत मिळाल्यावर रविवारी आम्ही टेप घेऊन गल्ली मोजली. गल्ली आज जेमतेम वीस फुटांची. साठ करायची तर आणखी चाळीस फूट हवेत. दोन्ही बाजूंनी वीस-वीस घेतले असते तर आमची फक्त पुढची रांग गेली असती. नकाशात चाळीसच्या चाळीस फूट आमच्या बाजूने आहेत. समोर एका बंद कारखान्याची भिंत आहे, ती जिथल्या तिथे. रस्ता सरळ ठेवायचा तर असे करावे लागते, असे आम्हाला सांगण्यात आले. असेलही. पण हे विचारायची वेळ त्या मार्च-एप्रिलची होती, आणि तेव्हा आम्ही मंडपाचे बांबू मोजत होतो.

मंजूर आराखड्यात बदल करता येतो, त्यासाठी कलम ३७ आहे. पण त्याची वाट लांबची. पालिकेचा ठराव, पुन्हा नोटीस, पुन्हा हरकती, मग शासन. आमचा अर्ज दिलेला आहे. पोच पावती फाइलला लावली आहे.

सात दिवसांच्या मुदतीत पुरावे गोळा करताना जे पाहिले ते वाचक भगिनींनी विशेष लक्षात घ्यावे. तेवीस घरांपैकी चौदा घरांचे कागद पूर्ण निघाले. नऊ घरांचे नाहीत. कोणाची शिधापत्रिका पावसात भिजलेली, कोणाचे नाव मतदार यादीत एका अक्षराने चुकलेले, कोणी खोली विकत घेतली पण विजेचे बिल अजून जुन्या माणसाच्याच नावावर. मुंबईच्या झोपडपट्टी योजनांत १ जानेवारी २००० पर्यंतच्या रहिवाशाला घर मोफत, त्यानंतरच्या १ जानेवारी २०११ पर्यंतच्याला पैसे भरून, आणि त्यानंतरच्याला काही नाही. एका तारखेचे एक बिल एवढे वजनदार असते. जुनी वीजबिले, कर आकारणीच्या पावत्या, फोटोपास, मुलांचे शाळेचे दाखले, सगळे एका डब्यात ठेवा आणि डबा कोठे आहे ते घरातल्या सर्वांना माहीत असू द्या. पुनर्वसनाचे घर पती-पत्नी दोघांच्या नावे द्यायचे असते, तेव्हा बाईचे नावही प्रत्येक कागदावर बरोबर लिहिलेले पाहिजे.

आत्यांचा डबा बिस्किटांचा आहे, पत्र्याचा. त्यांचे यजमान गोदीत कामाला होते. सही अडखळत करायचे, पण प्रत्येक पावती त्यांनी तारखेनुसार दोऱ्यात ओवून ठेवली होती. आत्यांचे घर पहिल्याच दिवशी पात्र ठरले. त्यांच्या भिंतीला भिंत लावून मुलाची खोली आहे, लग्नानंतर वेगळी केलेली. तिचा एकही कागद २०१३ च्या आधीचा नाही.

"माझं घर पात्र आणि लेकाचं अपात्र," आत्या म्हणाल्या. "मग मी नव्या घरात कोणासोबत राहू भाऊ? सून कामाला जाते, नातवाला मी सांभाळते."

याचे उत्तर आम्ही अजून शोधत आहोत. नऊ घरांच्या वतीने अपील तयार करतो आहोत. वस्तीत वकिलीचे शिक्षण घेणारा एक मुलगा आहे, तो रात्री येऊन बसतो.

मंडळाच्या वहीत आता एक नवे पान आहे. गल्लीतील एक मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. दर सोमवारी कॉलेजला जाताना ती पालिकेच्या कार्यालयापाशी उतरते, सूचनाफलकाचा फोटो काढते आणि संध्याकाळी काय आहे ते मराठीत दोन ओळींत लिहिते. गेल्या सोमवारी आठवडी बाजाराच्या जागेचा लिलाव होता आणि एका नाल्याच्या भिंतीची निविदा. नाला आपल्या वस्तीचा नाही, पण पुढे तो आपल्याच मागून वाहतो, म्हणून तिने तीही लिहून ठेवली आहे.